आईपणाचा जमाखर्च : रजा मागायची कोणाकडे?

कळंब तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न घ्यायलाच हवा. त्या लिहितात, ‘मला बाळंतपणाची 180 दिवसांची भरपगारी रजा मिळाली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मात्र सव्वा महिना व्हायच्या आत ऊसतोडीच्या फडावर गेली. तिला रजा का नाही?’

कायदा नाही म्हणून नव्हे. कायदा आपल्याकडे शंभरीला टेकलाय. 28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या विधिमंडळात, कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या प्रसूतिलाभ विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण बाईला कामावर ठेवून जो मालक फायदा मिळवतो, त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बाळंतपण ही ज्याच्या त्याच्या घरची बाब, असं मानणाऱ्या काळात केवढी मोठी गोष्ट ही! 1929 साली कायदा झाला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो इकडे आलाच नाही. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला. 2017 मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांची रजा 12 वरून 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं.

आता भूम, वाशी, कळंबकडून हंगामाला निघणारी टोळी बघा. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाशी बोलणी नवरा करतो, पैसे त्याच्या हातात पडतात. तो ऊस तोडतो. ती वाढं वेगळं करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत पोचवते. त्याआधी पहाटे उठून कोपीवर भाकरी तिनंच थापलेल्या असतात. तान्हं लेकरू बैलगाडीला बांधलेल्या झोळीत. एक मोळी टाकून आली की पदराखाली घ्यायचं, पुन्हा झोळीत टाकायचं, दुसरी मोळी उचलायची. खाडा झाला तर पैसे कापले जातात.

कारखान्याच्या कागदावर ठेकेदार असतो, मुकादमाच्या वहीत नवरा असतो. ती कुठंच नसते. कारखान्याच्या कचेरीतल्या कारकून बाईला 26 आठवडे. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी बाई हिशेबात अर्धा कोयता. बाईचं काम मोजलंच जात नाही, हे स्त्रीवादी अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. इथं त्याची किंमत ओली बाळंतीण मोजते. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे : रजा मागायला तिच्यासमोर मालकच उभा नाही.

मग आधार कोणाचा? माहेरचा, असं आपण पटकन म्हणतो. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना अंथरुणावर. मुलीच्याच आईबापांवर सगळा भार टाकणारी असली, तरी या रीतीतली माया मला मोलाची वाटते. पण ऊसतोडीच्या घरात माहेरही त्याच हंगामात दुसऱ्या कुठल्या तरी फडावर असतं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. तेवढ्यावर उचल फिटत नाही. राहिल्या अंगणवाडीताई आणि आशाताई. त्यांनाही पगार नाही, मानधन. म्हणजे एका बाईचं आईपण सावरायला आपण दुसऱ्या बाईला तुटपुंज्या पैशांवर राबवतोय.

वाट मात्र आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलेलं आहे. बाबासाहेबांनी सांगितलेले दोन्ही वाटेकरी यात आलेच. या पैशातून बाळंतपणाच्या 26 आठवड्यांची मजुरी ऊस तोडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हायला हवी. त्यासाठी आधी कामगार म्हणून तिचं नाव लागलं पाहिजे. तेव्हा टोळ्या निघायच्या आत आपापल्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) जा, ऊसतोड कामगारांची यादी मागा, आणि तीत बायकांची नावं वेगळी लिहिली आहेत का ते बघा. नसतील तर लिहायला लावा.