झोकांड्या खाणारा उंदीर

घरात बाळ जन्माला आले की पहिली चर्चा होते ती नाक कुणाचे आणि रंग कुणाचा याची. मेंदू कुणाचा हे तेव्हा कुणी विचारत नाही. तो विषय निघतो पुढे, दहावीच्या निकालाच्या दिवशी. पण आईच्या पोटात मेंदू घडतो कसा आणि आईबापांकडून आलेली जनुके त्यात नेमके काय करतात, हे नाकाडोळ्यांपेक्षा कितीतरी नवलाचे आहे.

आपली समजूत अशी असते, की जनुकांमध्ये मेंदूचा नकाशा काढून ठेवलेला असावा आणि गवंडी जसा नकाशा बघून भिंत उभी करतो तसा मेंदू उभा राहत असावा. पण हा हिशेब जमत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि प्रथिने बनवणारी जनुके असतात फक्त २० हजारांच्या आसपास. उंदराकडेही जनुके जवळजवळ तितकीच आहेत, त्याच्या मेंदूतल्या चेतापेशी मात्र सातेक कोटी. एवढ्या जनुकांमध्ये एकेका पेशीचा पत्ता लिहून ठेवणे शक्यच नाही. जनुके पेशींना साध्या साध्या सूचना देतात. आता विभागून दोन हो, आता थांब, आता निघ, आता इथे मुक्काम कर. मेंदू घडतो तो या सूचनांतून.

सुरुवात होते एका नळीपासून. गर्भाच्या पाठीवरचा पेशींचा पातळ पापुद्रा दोन्ही कडांनी वर उचलला जातो, कडा एकमेकींना मिळतात आणि नळी तयार होते. तिच्या पुढच्या टोकाचा मेंदू होतो, मागच्या भागाचा मज्जारज्जू. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या सुमारास मिटते. पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे तोवर कळलेलेही नसते. (फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस राहण्याच्या आधीपासून घ्या असे डॉक्टर सांगतात, ते यासाठीच.)

खरी गंमत पुढे आहे. आपण विचार करतो, बोलतो, पाहतो ते ज्या भागामुळे, ती मेंदूची वरची साल सहा थरांची असते. पण तिच्यातल्या बहुतेक पेशी तिथे जन्मत नाहीत. त्या जन्मतात खोल आत, पाण्याने भरलेल्या पोकळीच्या काठाशी, आणि तिथून प्रवास करत वर येतात. वाट दाखवायला लांबच लांब धाग्यासारख्या आधारपेशी असतात. दोराच्या मल्लखांबावर मुले चढतात तशा नव्या चेतापेशी या धाग्यांना धरून चढत जातात. पास्को राकिच या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये माकडाच्या गर्भात हे चढणे दाखवून दिले.

त्याआधी १९६१ मध्ये अँजेव्हिन आणि सिडमन या दोघांनी गाभण उंदरिणींना किरणोत्सारी द्रव्य टोचून एक युक्ती केली होती. त्या दिवशी जन्मलेल्या पेशींवर त्यामुळे जणू तारखेचा शिक्का बसे. मग या पेशी शेवटी कुठे राहायला गेल्या ते त्यांनी शोधले. निघाले ते उलटेच. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या मजल्यांवर राहतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून वरच्या मजल्यावर जातात. सर्वांत वरचा थर पेशींनी जवळजवळ मोकळाच असतो. त्याच्या खालचा थर सर्वांत धाकट्यांचा.

हे मजले ठरवते कोण? उत्तर मिळाले एका आजारी उंदराकडून. एडिंबरोमध्ये डग्लस फाल्कनर यांनी १९५१ मध्ये एका नव्या जातीच्या उंदरांची नोंद केली. ते चालताना झोकांड्या खात, अंग थरथरे. इंग्रजीत त्यांना नाव पडले ‘रीलर’, म्हणजे झोकांड्या खाणारा. त्यांचा मेंदू तपासला तेव्हा लहान मेंदू खुरटलेला आढळला आणि मोठ्या मेंदूच्या सालीतले थर साधारण उलटे झालेले. मागून आलेल्या पेशींना वर जाता आले नव्हते, त्या खालीच साचल्या होत्या.

मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. मजला चुकला, तरी या पेशी आपले काम विसरत नाहीत. डोळ्याकडून, मिशांकडून येणारे चेतातंतू उलट्यापालट्या थरांतूनही आपापल्या जोडीदार पेशी बऱ्याच अंशी शोधून काढतात. उंदराच्या झोकांड्या मुख्यतः लहान मेंदूच्या दोषामुळे असतात.

बिघडलेले जनुक हाती लागायला १९९५ साल उजाडले. टॉम करन यांच्या गटाने ते शोधले, आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला नाव दिले रीलिन. हे प्रथिन सालीच्या अगदी पृष्ठभागावरच्या काही पेशी बाहेर सोडतात. काहाल आणि रेत्सियुस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या पेशींचे वर्णन केले होते, पण त्या करतात काय, हे शंभर वर्षे नीट कळले नव्हते. उंदरात थर लागले, की यांतल्या बहुतेक पेशी मरून जातात. रीलिन येणाऱ्यांना ‘थांबा’ म्हणते, की ‘वर या’ म्हणते, याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे.

उंदराची ही कथा माणसापर्यंत पोहोचली २००० मध्ये. ज्या मुलांच्या मेंदूवर नेहमीच्या वळ्या नीट पडलेल्या नाहीत, लहान मेंदू फार खुरटा आहे, अशा काही मुलांमध्ये हेच जनुक बिघडलेले सापडले. या मुलांना फिट्स येतात, बसणे-बोलणे फार मागे पडते. आजार अतिशय विरळ आहे. पण अशा घरात काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. सुनेने ग्रहणात भाजी चिरली, पोटुशी असताना नको तिथे गेली, अशी यादी सुरू होते. जनुकाचा हिशेब वेगळा आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. या आजारात दोन्ही बिघडलेल्या लागतात. आईबाप दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगत असतात, स्वतः ठणठणीत असतात, आणि दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे दोष द्यायचाच तर सासूच्या लेकाकडूनही निम्मा आला.

नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मामाच्या मुलीवर हक्क सांगितला जातो, आम्हा मुसलमानांत चुलत आणि मावस भावंडांचीही लग्ने होतात. अशी बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच निपजतात. मात्र घरात असे एक मूल झाले असेल, तर आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरांना जरूर भेटावे. मुलाच्या आणि आईबापांच्या रक्तातून नेमका बिघाड सापडला, तर पुढच्या खेपेला अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाकडे काय आले आहे ते तपासता येते. मात्र ही चौकशी पुन्हा दिवस राहण्याच्या आधी सुरू करावी, कारण बिघाड शोधायलाच बरेच आठवडे जातात.