‘बेल्जियन वॅफल’ एक नाही, अनेक आहेत! हा फरक कळला, तर घरचं वॅफल फसणार नाही

मुंबई-पुण्यात वॅफलची दुकानं झाली, तसं हौशी लोकांनी घरीही वॅफल मेकर आणलं. पण घरचं वॅफल बऱ्याचदा पॅनकेकसारखं मऊ पडतं. दोन-तीनदा असं झालं की मशीन माळ्यावर जातं.

दोष मशीनचाच असतो असं नाही. खरी गडबड नावात आहे. बेल्जियममध्ये वॅफल मागितलं, तर ‘कुठलं? ब्रसेल्सचं की लिएजचं?’ हा प्रश्न येतोच. हे दोन पदार्थ दिसायला, खायला आणि करायला पूर्णपणे वेगळे आहेत.

मग ‘बेल्जियन वॅफल’ हे नाव आलं कुठून?

वॅफल खूप जुनं आहे. चित्रकार पीटर ब्रूगेलच्या १५५९ सालच्या एका चित्रातही वॅफल दिसतं. पण ‘बेल्जियन वॅफल’ हे नाव जगभर झालं ते अमेरिकेमुळे. १९६२ साली सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात बेल्जियमच्या वॉल्टर क्लेमन यांनी वॅफल विकलं. १९६४ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात मॉरिस व्हर्मेर्श यांच्या कुटुंबाने तेच केलं, वर व्हिप्ड क्रीम आणि स्ट्रॉबेरी घालून.

व्हर्मेर्श विकत होते ते ब्रसेल्सचं वॅफल. पण ब्रसेल्स कुठे आहे हेच अनेक अमेरिकनांना ठाऊक नव्हतं, म्हणून नावात शहराऐवजी देश आला. पुढे अमेरिकेतल्या घराघरांत यीस्टच्या जागी बेकिंग पावडर आली. आज इंटरनेटवर ‘बेल्जियन वॅफल’ म्हणून सापडणाऱ्या बऱ्याच रेसिपी या झटपट प्रकाराच्याच असतात.

बेल्जियममधले प्रकार कोणते?

१. ब्रसेल्स वॅफल: आकार आयताकृती, कडा सरळ, खळगे खोल. यीस्ट घातलेल्या पातळ पिठात फेटलेला अंड्याचा पांढरा भाग मिसळतात. त्यामुळे ते हलकं आणि कुरकुरीत होतं. पिठात साखर जवळपास नसते, पिठीसाखर वरून भुरभुरतात.

२. लिएज वॅफल: लिएज हे पूर्व बेल्जियममधलं फ्रेंच भाषक शहर. इथलं वॅफल लहान, जाड आणि वेड्यावाकड्या कडांचं. हे पीठ ओतत नाहीत, भरपूर लोणी घालून मळतात. त्यात साखरेचे पांढरे टपोरे दाणे असतात, त्यांना पर्ल शुगर म्हणतात. गरम साच्यात हे दाणे थोडे वितळून वॅफलवर कॅरॅमलचा थर चढतो. गोडी आतच असल्यामुळे ते नुसतंच, हातात धरून खाता येतं.

३. नववर्षाची वॅफल: फ्लँडर्स या डच भाषक भागात नवीन वर्षाच्या सुमारास बिस्किटासारखी पातळ, कडक वॅफल करतात. पश्चिम फ्लँडर्समध्ये त्यांना ‘लुकन’ म्हणतात.

४. लाकमां: पातळ वॅफल मधोमध चिरून आत गरम पाक भरतात. लिएजच्या ऑक्टोबरमधल्या जत्रेत याला मोठी मागणी असते.

घरी करायचं तर?

ब्रसेल्स पद्धत: २५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १ चमचा साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र करा. त्यात ३७५ मिली कोमट दूध, २ अंड्यांचा पिवळा भाग आणि १०० ग्रॅम वितळलेलं लोणी घालून गुठळ्या मोडा. झाकून तासभर ठेवा. पीठ फुगून वर बुडबुडे आले की अंड्यांचा पांढरा भाग घट्ट फेटून अलगद मिसळा. मशीन चांगलं तापल्यावरच पीठ ओता.

लिएज पद्धत: २५० ग्रॅम मैदा, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १ चमचा साखर, चिमूटभर मीठ, ८० मिली कोमट दूध, १ अंडं आणि आणखी एका अंड्याचा पिवळा भाग घालून मळा. मग ११० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घालत मळत राहा. पीठ चिकट लागेल, पण वरून मैदा घालू नका. तासाभराने ते दुप्पट झालं की १३० ग्रॅम पर्ल शुगर मिसळा, ८ गोळे करा, १५ मिनिटं ठेवा आणि मध्यम आचेवर ३ ते ४ मिनिटं भाजा. आच जास्त झाली तर साखर करपून कडू होते.

पर्ल शुगर मिळाली नाही तर साखरेच्या क्यूब्जचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात. साधी साखर पिठातच विरघळते, तर खडीसाखर दाताखाली कडक लागते.

वॅफल मऊ का पडतं?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाफ. मशीनमधून भसाभस वाफ येते तोवर आतलं पाणी उडत असतं. ती कमी होण्याआधी झाकण उघडलं, तर वॅफल कच्चं राहतं किंवा फाटतं. दुसरी चूक म्हणजे गरम वॅफल एकावर एक रचणं. वाफ आत कोंडते आणि कुरकुरीतपणा जातो. म्हणून ती जाळीवर सुटी ठेवा. मऊ पडलेलं ब्रसेल्स वॅफल मिनिटभर परत मशीनमध्ये ठेवलं, तर पुन्हा कुरकुरीत होतं.

लिएज वॅफल काढताना मात्र हात जपा. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेली असते आणि त्वचेला चिकटते. चिमटा वापरा आणि मुलांच्या हातात देण्याआधी वॅफल ५ मिनिटं निवू द्या. तेवढ्या वेळात वरचं कॅरॅमलही कडक होतं आणि लिएजचं वॅफल खायचं ते त्या कडक थरासाठीच!