फेसाचे काडतूस

फेस ही केळव्याला नवी गोष्ट नाही. समुद्राच्या फेसाबद्दल मी बोलत नाही; तो पाहायला शनिवार-रविवारी मुंबईची माणसे केळवे रोड स्टेशनवर उतरतात आणि रिक्षा करून सुरूच्या बागेत येतात. मी बोलतो आहे ते ताडीच्या मडक्यातल्या फेसाबद्दल. पहाटे झाडावरून उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढू लागले की त्यावर पांढरा थर धरतो, मडक्याला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि दुपारपर्यंत तोच रस आंबूस, चढणारा होतो. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव साखर खातात आणि मद्यार्क व वायू बाहेर टाकतात. निसर्गाचा हिशेब इथे मोठा चोख आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या जुन्या शालेय पुस्तकांतला कर्बाम्ल वायू. जवळजवळ निम्मी साखर वायू होऊन उडून जाते. म्हणून इकडची जाणती माणसे ताडीच्या बाटलीचे बूच कधी घट्ट लावत नाहीत. बाटलीने बूच उडवले तर नशीब, बाटलीच फुटली तर काच डोळ्यांत.

हाच वायू आता केळव्यात दुसऱ्या वाटेनेही येऊ लागला आहे. अंगठ्याएवढ्या पोलादी नळीत बंद होऊन, कुरिअरने.

आमच्या घरी तो आला भाच्यामुळे. तो अमेरिकेत असतो आणि तिथल्या अनेकांसारखा घरी बिअर गाळतो. तिथे तो गुन्हा नाही. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती बनवायची मुभा मिळाली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा त्याखाली अपराध आहे. पुण्यात २००९ मध्ये ताज्या बिअरची डुलाली सुरू झाली, तीही रीतसर परवाना घेऊनच. तेव्हा भाच्याने हौसेने आणलेले पाच लिटरचे स्टीलचे पिंप, त्याची तोटी आणि दाबाचा छोटा रेग्युलेटर हे सारे आमच्या ओसरीवर बिअरविना पडून राहिले. शेजारच्या तरुणाची नजर त्यावर गेली. तो पर्यटकांना घरगुती जेवण-निवास देतो. त्याच्या डोक्यात कल्पना आली ती कोकम-सोड्याची. पिंपातून थेट पेल्यात, फेसासकट.

"मामा, फक्त कार्ट्रिज लागतील," भाचा फोनवर म्हणाला. विमानात ती सहजासहजी नेऊ देत नाहीत, म्हणून त्याने बरोबर आणली नव्हती. सौ.ने ऐकले ते 'काडतूस'. "घरात काडतुसं कशाला?" ती दचकून म्हणाली. शब्द एकच आहे, आणि पुढे जे झाले त्यावरून तिचे दचकणे अगदीच अस्थानी नव्हते.

शेजाऱ्याने घरबसल्या मागवलेल्या खोक्यावर सायकलचे चित्र होते. आत १६ ग्रॅमच्या, मानेवर आटे असलेल्या नळ्या. सायकलचे चाक वाटेत पंक्चर झाले की क्षणात हवा भरायला या वापरतात. रेग्युलेटरला त्या तंतोतंत बसत होत्या. "काका, गॅस तर तोच ना?" शेजारी म्हणाला.

माझी तीस वर्षे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. गॅस तोच, हे खरे. कार्बनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन. चाकात असो वा पेल्यात. पण नळीत तेवढेच असते असे नाही. पोलादाची नळी घडवताना तेल लागते. नळी चाकासाठी असेल तर ते तेल शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन काढायची कुणाला गरज वाटत नाही. छर्ऱ्याच्या हवाई पिस्तुलासाठी १२ ग्रॅमच्या नळ्या मिळतात. त्यांतल्या काहींत तर पिस्तुलाची रबरी वायसरे नरम राहावीत म्हणून मुद्दाम तेल घातलेले असते. चाकाला आणि पिस्तुलाला चव नसते. बिअर गाळणाऱ्यांना मात्र हे चटकन कळते, कारण तेलाचा अंशसुद्धा फेसाला मारतो. पेल्यावरचा मुकुट बघता बघता बसतो आणि वर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो.

दुसरा घोटाळा याहून फसवा. केक-पेस्ट्रीचे क्रीम फुलवायला बेकरीवाले ८ ग्रॅमच्या नळ्या वापरतात. आकार, चकाकी, मान सगळे सोड्याच्या नळीसारखे. आत मात्र नायट्रस ऑक्साइड, दंतवैद्य भुलीसाठी वापरतात तो. त्याने पेय गोडसर, गुळगुळीत होते. सोड्याची ती जिभेला टोचणारी चव येत नाही, कारण ती येते पाण्यात तयार होणाऱ्या कार्बोनिक आम्लामुळे. शिवाय हा वायू नशेसाठी हुंगणारी मुले शहरांत सापडतात. तेव्हा खोक्यावरच्या चित्रावर किंवा रंगावर न जाता नळीत कोणता वायू आहे ते नाव वाचावे, आणि तो खाद्यपेयांसाठी आहे असे स्पष्ट लिहिलेले असल्याखेरीज नळी घेऊ नये. पेयातला वायू हा पेयातला एक पदार्थच आहे. बाजारच्या सोड्याच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले तर तिथे २९० हा आकडा दिसतो. तो याच वायूचा खाद्य-क्रमांक, मीठ-मसाल्याच्या पंक्तीतला.

पण खाद्य म्हणजे किती शुद्ध? पेय उद्योगाने मान्य केलेली कसोटी ९९.९ टक्के शुद्धतेची आहे, आणि खरी मेख उरलेल्या ०.१ टक्क्यात आहे. त्यातले बेंझिन अब्ज भागांत २० भागांहून जास्त चालत नाही. इतका काटेकोरपणा का, हे दोन प्रसंगांवरून कळते. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रिस्टलजवळच्या एका खत कारखान्यातून आलेल्या वायूत बेंझिनचा अंश सापडला. प्रमाण अपायकारक नव्हते, तरी तो वायू वापरलेली शीतपेये दुकानांतून परत मागवावी लागली आणि कोर्टकज्जे पुढे कित्येक वर्षे चालले. १९९९ च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या बोर्नेम गावी शाळकरी मुलांना कोका-कोला प्यायल्यावर मळमळू लागले. अँटवर्पच्या कारखान्यातल्या वायूत गंधकयुक्त द्रव्यांचा अंश होता, असे निष्पन्न झाले. इतक्या अल्प अंशाने विषबाधा होणार नाही, वास आणि भीती यांचाच परिणाम मोठा होता, असे पुढे डॉक्टरांनी लिहिले. ते पटण्यासारखे आहे. पण कुजक्या अंड्याचा वास येणारे पेय लेकराच्या हातात देणाऱ्याला तेवढ्याने समाधान कसे वाटावे?

हा वायू मुळात येतो कुठून, हे यासाठी पाहायला हवे. बराचसा येतो खतासाठी अमोनिया बनवणाऱ्या कारखान्यांतून, काही मद्यार्काच्या भट्ट्यांतून, काही जमिनीच्या पोटातून. २०१८ च्या उन्हाळ्यात युरोपातले अमोनियाचे बरेच कारखाने एकाच वेळी बंद होते, तेव्हा ऐन फुटबॉल विश्वचषकात ब्रिटनमध्ये बिअरची टंचाई झाली. जिथून येतो तिथले काही ना काही तो बरोबर आणतोच. ते काढून टाकणे, तपासणे आणि कागदावर लिहून देणे, याचेच आपण जास्त पैसे मोजतो.

शेजाऱ्याचा पुढचा विचार साहजिक होता. बोईसरला वेल्डिंगवाल्याकडे याच वायूचे मोठे सिलिंडर असते. तिथून स्वस्तात भरून आणू. मी साफ नको म्हटले. वेल्डिंगचा माणूस गॅसबद्दल विचारतो ते ओलावा किती याबद्दल, कारण ओलाव्याने सांधा बिघडतो. वासाशी आणि बेंझिनशी त्याचे देणेघेणे नाही. शिवाय ते सिलिंडर कुठे कुठे फिरून आले, त्यात उलट दिशेने काय शिरले, हे सांगणारे कुणी नसते. आणि एकदा वापरायची नळी पुन्हा भरून देणारा कारागीर कुणाला भेटलाच, तर त्याच्या हुशारीला लांबूनच नमस्कार करावा.

कारण आतला दाब. २० अंश तापमानाला नळीत सुमारे ५७ बार दाब असतो, मोटारीच्या टायरच्या पंचवीसपट. नळीत बहुतेक वायू द्रवरूपात असतो, आणि केळव्याच्या माणसाने ध्यानात ठेवावे असा एक आकडा इथे येतो. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. युरोपात हा आकडा पुस्तकात राहतो, आपल्याकडे तो चैत्रात ओसरीवर येतो. त्यापुढे उष्णता वाढेल तसा बंद नळीतला दाब झपाट्याने चढतो. ५० अंशांच्या वर नेऊ नका अशी सूचना नळीवर असते, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या राहिलेल्या मोटारीत तेवढी उष्णता सहज होते. किनाऱ्यावर सहलीला येताना डिकीत नळ्यांचे खोके ठेवून दिवसभर पाण्यात खेळणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

नळी टोचल्यावर हा सारा दाब पिंपाकडे धावतो. पेय तोटीतून ढकलायला मात्र एक बारसुद्धा लागत नाही. मधला रेग्युलेटर आणि जादा दाब सोडून देणारी झडप या म्हणूनच चैनीच्या वस्तू नव्हेत. जुन्या गोटी सोड्याच्या कारखान्यात बाटली लाकडी पेटीत बंद करूनच यंत्रावर फिरवत, ते काही शोभेसाठी नव्हे. काचेच्या बरणीला किंवा साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीला बूच जोडून प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींना माझे हात जोडून सांगणे आहे की करू नका. टोचलेली नळी पूर्ण रिती होईपर्यंत फिरवून काढूही नये. सुटणारा वायू बर्फाहून कितीतरी थंड असतो, बोटाची कातडी क्षणात गोठते.

हिशेबही आधी करावा. पाच लिटर बिअर तोटीबाहेर ढकलायला १६ ग्रॅमची एक नळी जेमतेम पुरते, कारण तिच्यातला फेस आधीच यीस्टने भरलेला असतो. कोकम सरबतात यीस्ट नाही. त्यात सोड्यासारखा वायू मुरवायचा तर लिटरला पाचेक ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला आणखी २५ ग्रॅम हवा, आणि सरबत बर्फासारखे थंड हवे. कोमट पाण्यात वायू टिकत नाही.

बंद खोलीत गुदमरण्याची भीती सौ.ला होती. आठ ग्रॅमची नळी पुरी सुटली तरी साडेचार लिटरच्या आसपास वायू होतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो कुठल्या कुठे विरतो. तीस किलोच्या सिलिंडरची गोष्ट वेगळी. त्यात साडेसोळा हजार लिटर मावतो, आणि हवेहून दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी पेटता कंदील सोडून पाहायचा, ही तिथली शहाणी रीत. धान्याच्या पेवांतही माणसे गेली आहेत. मोठे सिलिंडर माजघरात नको, ते याच कारणाने.

शेवटी खाद्यपेयांसाठीच्या म्हणून लिहिलेल्या ८ ग्रॅमच्या नळ्या आल्या. त्यांच्यासाठी रेग्युलेटरचे वेगळे टोपण मागवावे लागले. पहिल्या नळीचा वायू रेग्युलेटरमधूनच पांढऱ्या धुतल्या फडक्यावर सोडून पाहिला. डाग नाही, वास नाही. बेंझिन अशाने कळत नाही, हे मी शेजाऱ्याला सांगितले. तेल आणि गंज मात्र कळतात. मग उकळून गार केलेले पाणी पिंपात भरून तेच आधी पिऊन पाहिले, कोकमाच्या आंबटपणात दोष लपतात म्हणून.

आता शनिवारी त्याच्या अंगणात पिंप चालू असते. नळी भरलेली की रिकामी, यावरून पोरांत वाद होतो, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून देते. आठ ग्रॅमचा फरक त्यावर स्वच्छ दिसतो. रिकाम्या नळ्या एका डब्यात साठतात. भंगारवाला प्रत्येकीच्या तोंडाला भोक आहे ना, हे पाहिल्याशिवाय त्या घेत नाही.