परिपूर्णतावाद (आशय विपणन)

आशय विपणनातील परिपूर्णतावाद म्हणजे उत्पादनाविषयीचा लेख, छायाचित्र किंवा चित्रफीत पूर्णपणे निर्दोष झाल्याखेरीज प्रसिद्ध न करण्याची प्रवृत्ती होय. तिच्यामुळे मजकूर सुधारण्याऐवजी प्रकाशनच लांबणीवर पडते. स्वतंत्र प्रसिद्धी विभाग नसलेले लघुउद्योजक, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गट यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

स्वरूप

मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतावादाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून, इतरांकडून आणि समाजाने आपल्याकडून केलेली निर्दोषतेची अपेक्षा. पहिल्या प्रकाशनाच्या वेळी तिसरा प्रकार विशेष अडसर ठरतो. बोलीतील उच्चार किंवा साधे छायाचित्र यांमुळे हसे होईल, ही भीती त्याच्या मुळाशी असते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी सर्वोत्तम पर्यायाचा शोध न संपवता ठरविलेली किमान कसोटी पूर्ण करणारा पर्याय स्वीकारण्याची कल्पना मांडली. ती येथेही लागू पडते. मात्र कसोटी आधीच ठरविलेली असावी लागते.

अचूकता आणि सफाई

परिपूर्णतावादावर मात करणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. मजकुरातील कोणत्या बाबी चुकता कामा नयेत आणि कोणत्या पुढे सुधारता येतील, हे वेगळे करणे हा त्याचा गाभा आहे.

लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूर डाळ, पानचिंचोली चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा डाळीची माहिती प्रसिद्ध करताना वजन, किंमत, अन्न परवाना क्रमांक आणि मानांकनाचा उल्लेख अचूक असणे अनिवार्य आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार नोंदणीकृत मानांकन वापरण्याचा अनन्य हक्क अधिकृत वापरकर्त्यांना असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याउलट छायाचित्रातील प्रकाश, वाक्यरचना किंवा मराठवाडी बोलीतील निवेदन यांत उणीव राहिली, तरी ग्राहकाची फसवणूक होत नाही. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरची केळी किंवा धर्माबादची मिरची यांबाबतही हाच भेद लागू होतो. शिवाय हंगामी मालाची माहिती हंगाम सरल्यावर आली, तर ती कितीही देखणी असली तरी विक्रीस उपयोगी पडत नाही.

ऐतिहासिक उदाहरण

मराठीत या पद्धतीचे जुने उदाहरण किर्लोस्करवाडी येथे सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या कारखान्यातील लोखंडी नांगराविषयी सुरुवातीस शेतकऱ्यांच्या मनात शंका होत्या. केवळ चांगले उत्पादन असून भागत नव्हते. शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची व मालाची माहिती देणारे हे छोटेखानी पत्र अंकागणिक विस्तारत गेले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील अग्रगण्य मासिकांपैकी एक बनले. त्याचे नंतरचे रूप पहिल्या अंकात नव्हते. ते नियमित प्रकाशनातून घडले.

उपाय

मजकूर प्रसिद्ध करण्याची तारीख आधी ठरविणे, अनिवार्य बाबींची छोटी यादी करून ती दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे, प्रथम परिचित ग्राहकांच्या लहान गटाला मजकूर पाठविणे आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांवरून पुढील मजकूर सुधारणे, हे उपाय उपयुक्त ठरतात. तथ्याची चूक आढळल्यास मात्र मजकूर तत्काळ दुरुस्त करून तशी सूचना देणे आवश्यक असते.