विषुववृत्ताजवळचा ऊस : केनियातील मुमियास

ऊस म्हटला की कोल्हापूर, सांगली, नगर एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण आफ्रिकेतही आपल्यासारखाच एकर-दोन एकरांचा ऊस करणारा शेतकरी आहे. केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सरहद्दीकडे, काकामेगा जिल्ह्यात मुमियास नावाचे गाव आहे. तिथली हकीकत सभासदांनी जरूर वाचावी, असे आम्हांस वाटते.

जमीन, पाऊस व वस्ती

हा भाग विषुववृत्ताच्या थोडा उत्तरेला, पण समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. त्यामुळे कडक उन्हाळा नाही की कडाक्याची थंडी नाही. मार्च ते मे मोठा पाऊस, पुढे वर्षाच्या उत्तरार्धात दुसरा. वर्षाकाठी १५०० मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणून ऊस सारा पावसावर. पाटाची पाळी नाही, रात्रीची मोटर नाही. ऐकून हेवा वाटेल! पण उंचीमुळे ऊस सावकाश वाढतो. आपला आडसाली १६ ते १८ महिन्यांत तुटतो, तिथल्या लागणीला १८ ते २४ महिने लागतात. तोवर बिल नाही.

वस्ती दाट आहे. २०१९ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ६७ हजार भरली, म्हणजे चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर माणसे. २०११ साली महाराष्ट्रात हा आकडा ३६५ होता. बापाची जमीन मुलांत वाटली जाते, तुकडे होत जातात. लोक लुह्या समाजाचे. रोजचे जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि पालेभाजी. मका घरचा नसला तर विकत घ्यावा लागतो.

कारखाना आला

१९७३ साली मुमियासचा साखर कारखाना सुरू झाला. तो सहकारी नव्हता, कंपनीचा होता आणि मोठा हिस्सा सरकारचा. कंपनीची स्वतःची ऊसशेती होती, पण बहुतेक ऊस आजूबाजूच्या छोट्या शेतकऱ्यांचा. नांगरट, बेणे, खत, तोडणी, वाहतूक कंपनी करी आणि सारा खर्च उसाच्या बिलातून कापून घेई. रस्ते झाले, बाजार वाढला, पोरे शाळेत गेली. एके काळी देशातील निम्म्याहून अधिक साखर एकट्या मुमियासची होती. २००१ साली कंपनीचे भाग नैरोबीच्या शेअरबाजारात आले.

पण पैसा आला म्हणजे घर सुधारलेच असे नाही. शेजारच्या दक्षिण न्यांझा भागातील ऊसकऱ्यांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. उसाने मिळकत वाढली होती, मात्र मुलांच्या पोषणात त्या मानाने सुधारणा दिसली नाही.

घडी विस्कटली

पुढे कर्ज चढले, कारभार ढासळला, बाहेरची स्वस्त साखर आली. ऊस घालूनही शेतकऱ्याचे बिल थकू लागले. मग कोणी रोख देणाऱ्या दुसऱ्या कारखान्याला ऊस दिला, कोणी ऊस मोडून मका केला. ऊस कमी म्हणून गाळप कमी, गाळप कमी म्हणून बिले आणखी थकली. चिमणी थंड पडली आणि २०१९ च्या सप्टेंबरात कर्ज देणाऱ्या बँकेने प्रशासक नेमला. डिसेंबर २०२१ मध्ये कारखाना युगांडाच्या एका उद्योगसमूहाला भाड्याने गेला व २०२२ साली पुन्हा सुरू झाला. तोवर पश्चिम केनियात उसाची पळवापळवी लागली होती. पक्व होण्याआधीच ऊस तुटे. शेवटी २०२३ साली सरकारने तिथल्या कारखान्यांचे गाळप काही महिने बंद ठेवून ऊस पिकू दिला.

आपण काय घ्यावे?

त्यांचा कारखाना शेतकऱ्यांच्या हाती नव्हता. आपला आहे. तेव्हा वार्षिक सभेला या, अहवाल वाचा, प्रश्न विचारा. सगळे रान उसाखाली घालू नका, घरच्या ज्वारी-गव्हापुरता तुकडा राखा. आणि कोवळा ऊस तोडायला देऊ नका. वजन घटते, उतारा घटतो, नुकसान शेवटी सर्वांच्याच दरात उतरते. गट ऑफिसचा माणूस नोंदीला आला की लागणीची खरी तारीख सांगा. तोडणीचा प्रोग्रॅम त्या तारखेवरच बसतो, हे विसरू नका.