रंग बदलणारी पट्टी घेताना कंट्रोलर कसा निवडायचा?

गौरी-गणपती, नवरात्र, मग दिवाळी. सण लागोपाठ येतात आणि मखराला, मंडपाला रंग बदलणारी एलईडी पट्टी आता हवीच असते. पण आहुप्याहून घोडेगाव-मंचरला जाऊन ती आणायची आणि घरी आल्यावर कंट्रोलर जुळला नाही, तर पुन्हा तेवढीच फेरी. चुकीचा जोडला, तर पट्टीच जळते आणि गटाचे पैसे वाया जातात.

कंट्रोलर म्हणजे अडॅप्टर आणि पट्टी यांच्या मधली छोटी डबी. कोणता रंग लागायचा, किती उजेड, किती वेगाने बदल, हे ती ठरवते. लक्षात ठेवायचं एकच: आधी पट्टी बघा, मग डबी घ्या.

पट्टीवर छापलेली अक्षरं वाचा. साध्या पट्टीला चार तारा असतात: एक प्लसची आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगाची एकेक. ही सगळी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. रंग पळताना दिसतात ती पिक्सेल पट्टी. तिला बहुधा तीनच तारा असतात आणि वर बाण छापलेला असतो. दोघींचे कंट्रोलर वेगळे. एकीचा दुसरीला चालत नाही. पिक्सेल पट्टीला कंट्रोलर जोडताना बाण डबीपासून पुढे जाणारा हवा.

मग व्होल्ट बघा. पट्टी ५, १२ किंवा २४ व्होल्टची असते. पट्टी, कंट्रोलर आणि अडॅप्टर तिन्हींचे व्होल्ट जुळले पाहिजेत. ५ व्होल्टच्या पट्टीला १२ व्होल्ट दिले, तर ती कामातून जाते.

आता अँपिअर. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची, मीटरला ६० मोठे दिवे असलेली पट्टी मीटरला साधारण १४.४ वॉट घेते. ५ मीटरला ७२ वॉट झाले. ७२ ला १२ ने भागलं की ६ अँपिअर. कंट्रोलरवर यापेक्षा कमी आकडा असेल तर तो घेऊ नका. अडॅप्टर थोडा वरचढ, ७ ते ८ अँपिअरचा घ्या. अशा तीन पट्ट्या लावायच्या असतील, तर एका छोट्या डबीवर सगळा भार टाकू नका. मोठा कंट्रोलर घ्या, नाहीतर प्रत्येक पट्टीला वेगळा.

रिमोटचंही बघा. साध्या रिमोटला डबीचा डोळा समोर दिसावा लागतो. डबी पडद्यामागे गेली की बटण दाबून उपयोग नाही. मखरामागे डबी लपवायची असेल, तर आरएफ रिमोटचा कंट्रोलर मागा. मोबाईलवर चालणारा घ्यायचा तर ब्लूटूथचा बरा. त्याचं ॲप रेंज असलेल्या ठिकाणी आधीच उतरवून घ्या.

आपल्याकडे लाइट जाते-येते. काही डब्या लाइट आल्यावर आधीचाच रंग लावतात, काही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. दुकानातच बटण बंद-चालू करून हे तपासा.

गणपतीत आपल्याकडे पाऊस असतो. पट्टीवर आयपी ६५ लिहिलेलं असलं, तरी ते पट्टीपुरतं. डबी, अडॅप्टर आणि जोड कोरड्या, उंच जागी ठेवा. कापडात किंवा थर्माकोलमध्ये गुंडाळू नका, त्या तापतात. जोडणी करताना प्लग काढलेला असू द्या. थेट २३० व्होल्टवर चालणारी पट्टी ओल्या मंडपात आणि मुलांच्या हाताशी नकोच.

शेवटी, पट्टी, डबी आणि अडॅप्टर दुकानातच जोडून, पूर्ण पांढऱ्या रंगावर दहा मिनिटं पेटवून बघा. हात लावून बघा, डबी चटका देण्याइतकी तापते का. सगळं ठीक वाटलं, तरच पैसे मोजा, आणि पावती गटाच्या वहीत लावून ठेवा.