रंगभवनाच्या पायऱ्यांवरून

रॉक संगीत म्हणजे गोंगाट, लांब केस आणि परदेशाचे अनुकरण, असा समज मराठी सुशिक्षित घरांतून दीर्घकाळ नांदत आला आहे. तो सर्वस्वी निराधार होता, असे म्हणवत नाही. परंतु तो बाळगणाऱ्यांपैकी किती जणांनी धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली बसून ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकला होता, असे विचारावेसे वाटते. प्रस्तुत लेखकाने तो विद्यार्थिदशेत अनेकदा ऐकला आणि त्या रात्रींचे ऋण मान्य करणे त्याला अगत्याचे वाटते.

हा वाद्यवृंद १९८४ साली मुंबईत उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझेस. पुढे कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. ही नावे नुसती वाचली तरी मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर यावा! त्या काळी शहरातील बहुतेक वाद्यवृंद परदेशी गाण्यांच्या नकला करीत आणि श्रोत्यांनाही तेच हवे असे. अनोळखी गाणे सुरू झाले की मागल्या रांगांतून हुर्यो उठे. अशा श्रोत्यांपुढे स्वतः रचलेली गाणी मांडणे सोपे नव्हते. तरीही या मंडळींनी १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढला. १९९३ साली त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे घेतले. इंग्रजी नावातही सिंधू वाहू लागली, ही गोष्ट आमच्या अनुकरणवाद्यांच्या लक्षात आली नसावी.

कॅसेटवर ऐकलेले हे संगीत आणि समोर घडणारे संगीत यांत अंतर फार. कॅसेटवर बासचा स्वर जेमतेम जाणवे. रंगभवनात तो आधी बसल्या पायरीतून आणि मग छातीतून येई, कानांवर सर्वांत शेवटी पडे. १९८६ पासून तेथे ‘इंडिपेन्डन्स रॉक’चा उत्सव भरू लागला, तोही स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात. सर आली की कोणी उठून जात नसे. एका रेनकोटाखाली तिघे अनोळखी बसलेले, एक भायखळ्याचा, एक वांद्र्याचा आणि एक गिरगावचा, असे दृश्य विरळा नव्हते. रात्री चिंब होऊन, कानांत शिट्टी वाजत घरी परतल्यावर वडिलांनी एकदा शांतपणे विचारले होते, “ऐकून आलास की मार खाऊन?” त्यांचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता.

रंगभवन केवळ रॉकचे नव्हते. १९७८ साली याच मंचावर ‘जाझ यात्रा’ सुरू झाली आणि सनी रॉलिन्ससारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक तेथे वाजवून गेला. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनाच्या एका अंगाला सेंट झेवियर्स महाविद्यालय, तर कामा रुग्णालयही जवळच. तेथील मोठ्या आवाजाचे दिवस संपले.

याविषयी गळा काढण्याचे कारण नाही. गिटारच्या सुखापेक्षा आजारी माणसाची झोप मोलाची आहे, यात दुमत असू नये. तक्रार वेगळी आहे. नियम करताना सरकारने जे बंद होणार होते त्याची पर्यायी सोय केली नाही. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपकाला मुभा देण्याची तरतूद २००२ साली झाली. पण ती मुख्यतः मोठ्या उत्सवांच्या वाट्याला गेली. त्या उत्सवांचा आवाज गिटारपेक्षा सौम्य असतो, असे कोणी म्हणणार नाही. दक्षिण मुंबईच्या मध्यावर, लोकलने येता येईल असा, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा मंच मात्र गेला तो गेलाच. आज परदेशी कलावंतांचे भव्य जलसे शहरात होतात. त्यांच्या तिकिटांचे दर पाहून विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरच समाधान मानावे, हे ओघानेच आले.

‘इंडस क्रीड’ १९९७ च्या सुमारास थांबले, २०१० साली पुन्हा एकत्र आले आणि २०१२ साली त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा संग्रह काढला. जुन्या श्रोत्यांचे केस तोवर पिकले होते. त्यांना आठवणी तरी आहेत. आज विशीत असलेल्या, स्वतःची गाणी घेऊन बसलेल्या मुलांसाठी महापालिकेने आवाज बाहेर न जाऊ देणारे, पाचशे आसनांचे एक साधे सभागृह स्थानकाजवळ बांधावे आणि त्याचे भाडे नाटकवाल्यांनाही परवडेल इतके ठेवावे.